गादीवरची खुर्ची

संध्याकाळी गोपिका घरात शिरली की तिच्याआधी तिचा वास यायचा. नव्या कापडाचा. खळ, पुठ्ठ्याचे खोके आणि डांबराच्या गोळ्या मिळून एक वास तयार होतो. गांधीबागेतल्या आमच्या साड्यांच्या दुकानात आयुष्यभर तो माझ्या अंगाला होता. आमचा रजत लहान असताना म्हणायचा, बाबा आले, दुकान आलं. आता तोच वास माझ्या बायकोच्या पदराला येत होता आणि मी पलंगावर पडून होतो, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी घेऊन. माझ्या अंगाला मलमाचा वास. सांगा, माणसानं जळायचं नाही तर काय करायचं?

झालं होतं असं. पोळ्याच्या आधी एकदा दुकानात वरून खाली उतरत होतो, हातात साड्यांची चळत. खाली सॅटिनचा तुकडा पडलेला. त्यावरून पाय सटकला आणि उजवा गुडघा असा पिरगळला की माझी बोंब अख्ख्या गल्लीनं ऐकली. गुडघ्याच्या आत काहीतरी फाटलं होतं. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. ऑपरेशन सोपं होतं, कठीण होतं ते पुढचं.

"खाली मांडी घालून बसायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "दिवाळीपर्यंत तर नाहीच."

"मग मी बसू कुठं?"

"खुर्चीवर बसा ना."

त्यांना काय माहीत! आमचं दुकान गादीचं. गुडघाभर उंच ओटा, त्यावर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गाद्या, वर पांढरी चादर, मागे लोड. ग्राहक चपला काढून वर येतो, मांडी घालून बसतो, आपणही त्याच्यासमोर तसेच बसतो. माझे वडील, त्यांना सगळी गल्ली दादाजी म्हणायची, त्यांचा एकच नियम होता: ग्राहकापेक्षा वर बसायचं नाही. दुकानात खुर्ची एकच, बिलाच्या टेबलामागची, आणि ती ओट्याच्या खाली, कोपऱ्यात. गादीवर खुर्ची म्हणजे देवघरात चपला.

रजत पुण्यात नोकरीला. त्याला साडी आणि चादर यांतला फरक सांगावा लागतो. दुकानात केशव आहे, जुना माणूस, विकण्यात पक्का. पण गादीवर घरचं कोणीतरी लागतं, नाहीतर ग्राहकाला परक्या घरी गेल्यासारखं वाटतं.

"मी जाते जी," गोपिका म्हणाली. "चार दिवसाचं तर काम हाय."

मी हसलो. जन्मात जिनं कधी गादीवर पाय ठेवला नाही, ती दुकान चालवणार! म्हटलं जाऊ दे, चार दिवसांत हात जोडून परत येईल.

ती गेली ती गेलीच.

इकडे माझ्या वाट्याला हिमानी आली. व्यायाम शिकवायला घरी येणारी पोरगी, रजतपेक्षाही लहान. रोज सकाळी शुक्रवारी तलावाला झपाझप फेऱ्या मारणारा माणूस मी. जवान पोरांना मागे टाकायचो. त्या मला ही म्हणाली, "काकाजी, टॉवेल गुडघ्याखाली ठेवा आणि दाबा. धरून ठेवा. सोडा."

"हे झालं?"

"पुन्हा दाबा."

"अन् व्यायाम कधी करायचा?"

"हाच व्यायाम आहे. झटका नाही, उडी नाही, घाई नाही. गुडघ्यावर भार न टाकता मांडीला जागं ठेवायचं. मांडी झोपली की गुडघा गेला."

मग टाच गादीवरून हळूहळू जवळ ओढायची, पुन्हा लांब करायची. मग पाय सरळ ठेवून थोडासा वर उचलायचा, छतावरच्या पंख्याला दाखवल्यासारखा. पुढे पुढे खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि बसायचं. पायानं फिरवायचं एक पॅडलचं यंत्रही तिनं आणून दिलं. ते पलंगाजवळ ठेवून मी जागच्या जागी सायकल चालवायचो आणि कुठेच पोचायचो नाही. घाम मात्र येत होता, खोटं कशाला बोलू. पण घामापेक्षा जास्त काही येत असेल तर तो राग.

कारण रोज संध्याकाळी गोपिका दुकानाच्या गोष्टी घेऊन यायची.

"आज उमरेडच्या बायका आल्या होत्या. मागं एक आत्या रुसून बसली होती. मी तिलेच पहिले साडी दाखवली. मंग काय, तिची कळी खुलली अन् सगळ्याइच्याच साड्या निवडून झाल्या."

"मी काय आजवर झोपा काढून राहिलो होतो?"

"तसं नाही जी. तुमी नवरीच्या बापाकडं पाहून बोलता. साडी तर बाईले नेसायची असते ना."

माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या! हे ती सहज बोलली, पोळीला तूप लावता लावता. त्यामुळे तर जास्तच झोंबल्या. साडी दाखवायची माझी एक पद्धत आहे. पदर स्वतःच्या खांद्यावर टाकतो, निऱ्या हातात धरतो आणि उभा राहतो. मिशीवाला माणूस साडीत उभा राहिला की ग्राहक हसतो, आणि हसला की घेतो. दादाजींनी शिकवलेलं. आता म्हणे गोपिका पदर त्या बाईच्याच खांद्यावर टाकते, आरसा पुढे धरते आणि गप्प बसते. गप्प बसून कोणी साड्या विकतं का?

विकत होती. केशव मला फोनवर सांगायचा, "काकाजी, काकूचा हात लय मस्त चालते." मी म्हणायचो, "बरं." फोन ठेवला की पॅडल असे जोरात फिरवायचो की यंत्र फरशीवर सरकत जायचं. पुढे पुढे तर ग्राहकांचे फोन माझ्या मोबाईलवर यायचे आणि पलीकडून आवाज यायचा, "काकूले द्या ना जरा." माझा मोबाईल! माझं दुकान! मी काय निरोप पोचवायला ठेवलेला माणूस?

जिन्यावरची तिची पावलंही मी ऐकायचो. महाल भागातलं आमचं घर दुसऱ्या माळ्यावर, लिफ्ट नाही. आधी ती भरभर यायची. आता एक पायरी, मग थांबली. दुसरी पायरी, मग थांबली. मला वाटायचं, जिन्यातसुद्धा ग्राहकांशी फोनवर गप्पा चालू आहेत बाईच्या. घरात आली की हातपाय धुऊन स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची. आतून अधूनमधून "हं" असा आवाज. पुन्हा फोनच असणार. दारं लोटून बोलायला लागली म्हणजे झालीच म्हणायची मोठी शेठाणी!

त्यात माझ्या मोहाच्या तेलाची बाटली. गुडघ्याच्या आजूबाजूला चोळायला गावाकडून मागवलेलं ते तेल मी जपून वापरायचो, तरी बाटली खाली जात होती.

"माहं तेल कोण संपवून राहिलं?"

"सांडलं माह्या हातून," गोपिका म्हणाली आणि भाजी ढवळायला लागली.

दुकान घेतलं, वास घेतला, फोन घेतले, आता तेलही. मी मनात यादीच करत बसलो होतो.

या सगळ्यात मला एकच गोष्ट पाहिजे होती, आणि ती म्हणजे खाप्याचा बस्ता. बस्ता म्हणजे लग्नाची सगळी कापडखरेदी एका बैठकीत. घर गाडी भरून येतं आणि दिवसभर बसतं. नवरीचा शालू, मानाच्या साड्या, मामाचं धोतर, सगळं एकाच गादीवर. खापा गावचे बापूजी आमचे जुने ग्राहक. त्यांच्या स्वतःच्या लग्नाचा बस्ता दादाजींनी उघडला होता. त्यांच्या पोराचा मी उघडला. आता नात काजलचं लग्न ठरलं होतं आणि तुळशीचं लग्न झालं की बस्ता येणार होता. तो आला की लोडाला टेकून गादीवर मी असलो पाहिजे, गोपिका नाही. टॉवेल दाबताना, टाच ओढताना माझ्या डोळ्यांपुढे दुसरं काही नव्हतं. लोक तब्येतीसाठी व्यायाम करतात. मी बायकोला उठवण्यासाठी करत होतो.

आणि दिवाळीच्या आधी ती मला काय म्हणाली माहीत आहे?

"अजी, दुकानात एक खुर्ची ठेवू का?"

"आहे ना. बिलाच्या टेबलामागं."

"ती नाही. वर. गादीवर."

मी ताट सारलं. "गादीवर खुर्ची? ग्राहक खाली अन् तू वर? दादाजीचा फोटो हाय समोर, त्यायच्या डोळ्यादेखत?"

"साधी प्लास्टिकची जी. कोपऱ्यात ठेवीन."

"काहून वं? चार दिवसासाठी गेली होती ना तू? आता सिंहासन पायजे?"

ती ताट उचलून आत गेली. मी जिंकलो, असं मला वाटलं. खुर्ची मागते म्हणजे कायमचं बसायचा विचार आहे, माझा गुडघा बरा झाला तरी ही काही उठणार नाही, हे मी पक्कं धरून चाललो.

दुसऱ्याच दिवशी दुपारी मी वेडेपणा केला. घरात कोणी नव्हतं. समोरच्या खोलीत फरशीवर चादर टाकली, पलंग धरून खाली उतरलो आणि मांडी घातली. घातली की हो! तिथे बसून भिंतीला म्हणालो, "या बापूजी, या." खरंच म्हणालो. मग उठायला गेलो तर उठता येईना. गुडघ्यात अशी कळ गेली की डोळ्यांपुढे काजवे. मोबाईल पलंगावर. मी तसाच चादरीवर आडवा, संध्याकाळपर्यंत.

गोपिका आली, पाहिलं, आणि काही न विचारता माझ्या बगलेत हात घालून मला उचललं. उचलताना "हं" असं म्हणाली. मला वाटलं, वैतागली.

"एवढी कायची घाई हाय तुमाले?"

"कायची नाही."

गुडघा टमाट्यासारखा सुजला. हिमानीनं पाहिलं, कपाळावर हात मारला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा टॉवेल. पुन्हा दाबा, धरा, सोडा.

"काकाजी, शर्यत लावली का तुम्ही कोणाशी?"

"लावली," मी म्हणालो. "बायकोशी."

ती हसली. "मग हळू चाला. या शर्यतीत घाई केली की मागेच जाता."

दिवाळी गोपिकानं केली. दुकानातलं लक्ष्मीपूजन तिच्या हातून झालं, मी फोनवर आरती ऐकली. पण त्यानंतर मी खरंच शहाण्यासारखा वागलो. हिमानी सांगेल तेवढंच, सांगेल तसंच. एके दिवशी मांडी घट्ट लागायला लागली, मग गुडघ्याची कुरकुर कमी झाली, मग जिना. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा. शेवटी तिनं मला खाली बसायला आणि उठायला शिकवलं. बसताना सरळ खाली जायचं नाही. बाजूला वळायचं, हात टेकवायचा, भार चांगल्या पायावर घ्यायचा, आधी कुल्ला टेकवायचा आणि दुखरा पाय मागून ओढून घ्यायचा. खाली जाड उशी, पाय लांब. मांडी नाही. "एवढ्या अटीवर थोडा वेळ बसा," ती म्हणाली. मला तर पदवी मिळाल्यासारखं झालं.

बस्त्याच्या दिवशी सकाळी मी धुतलेला कुर्ता घातला. गोपिकानं डबा हातात दिला.

"मी येऊ का जी?"

"कायले? मी हाय ना."

"हो," ती म्हणाली. "तुमी हाय."

दुकानात पाय ठेवला आणि तो वास छातीभर घेतला. केशवनं हात पुढे केला, मी नाही धरला. चांगला पाय आधी, ओट्यावर चढलो, शिकवल्याप्रमाणे बाजूनं बसलो, पाय लांब केला, वरून चादर ओढून घेतली. लोडाला टेकलो. माझी जागा. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं.

खाप्याची गाडी आली. बापूजी, त्यांच्या पत्नी रंभाबाई, नवरी काजल, आणि आया, मावश्या, आत्या. "वामनराव, ठणठणीत दिसून राहिले तुमी!" बापूजी म्हणाले. चहा आला, आलुबोंडे आले. पहिली साडी कुलदेवीच्या नावाची काढली, तिला हळदकुंकू लावलं. सगळं रीतीप्रमाणे. मग मी शालूंकडे हात केला आणि म्हणालो, "काजलबाई, बोला, कोणता रंग?"

काजलनं आजीकडे पाहिलं. रंभाबाईंनी दाराकडे पाहिलं.

"काकू नाही आल्या का जी? साखरपुड्याची साडी आमाले त्यायनंच काढून देली होती."

"घरी हाय. काम हाय तिले."

"असं," रंभाबाई म्हणाल्या.

बस, तिथून बस्ता बसला. मी शालू काढत गेलो, उलगडत गेलो, केशव देत गेला. "चांगला हाय." "पाहू." "ठेवा बाजूले." ढीग वाढत होता आणि एकही साडी पलीकडे जात नव्हती. शेवटी मी केशवचा हात धरून उभा राहिलो, पदर खांद्यावर टाकला, निऱ्या धरल्या. पोरी तोंडाला रुमाल लावून हसल्या. पण ते हसणं मला माहीत असलेलं नव्हतं. साडी त्यांना दिसतच नव्हती, दिसत होता एक म्हातारा. मागे बसलेली एक आत्या भिंतीकडे तोंड करून बसली होती. रुसलेली. मला ती दिसली आणि तिच्याशी काय बोलावं ते कळेना. आजवर अशा बायका मी कधी पाहिल्याच नव्हत्या.

बापूजी माझ्या कानाशी आले. "वामनराव, राग नोका मानू गा. बाईले बोलवून घ्या. माह्या घरच्या बायका बिनबोलता बसून राहिल्या, असं आजवर कधी झालं नाही."

मी फोन लावला.

"ये."

"कायले?"

"बोलवून राहिले तुले."

"कोण?"

"सगळे."

मग ती म्हणाली, "तुमी?"

"मीबी," मी म्हणालो. तोंड कडू झालं होतं.

ती आली. बायकांचे चेहरे असे उजळले की मला उठून बाहेर जावंसं वाटलं. गोपिकानं चपला काढल्या, हसत सगळ्यांना नमस्कार केला आणि ओट्यावर चढली. डावा हात खांबाला, उजवा मांडीवर, एक पाय आधी वर, मग दुसरा मागून ओढून. माझ्या शेजारी येऊन बाजूला वळली. हात टेकवला. एका पायावर भार घेतला, आधी कुल्ला टेकवला आणि मग दुसरा पाय हळूच ओढून घेतला. तोंडावर हसू तसंच. आणि बसताना अगदी हळू, माझ्याशिवाय कोणाला ऐकू न येणारं, "हं".

मी तिच्याकडे बघतच राहिलो. मला हे शिकायला हिमानीचे किती दिवस गेले! हिला कोणी शिकवलं? कोणीच नाही. हिला गुडघ्यानं शिकवलं. जिन्यावर एकेक पायरीला थांबणं, लोटलेलं दार, मोहाचं तेल, मला उचलताना आलेला तो आवाज. आणि खुर्ची. साधी, प्लास्टिकची, कोपऱ्यातली.

"कधीपासून हाय हे?" मी हळूच विचारलं.

"काय?"

"गुडघा."

ती शालूची घडी नीट करत होती. "लय दिवस झाले जी. म्हटलं, आधी तुमचं ऑपरेशन होऊ द्या."

समोर खाप्याचं सगळं घर बसलेलं. मी ओरडलो, "केशव, खुर्ची आण."

"कोणती काकाजी?"

"बिलाच्या टेबलामागची. वर ठेव. गादीवर."

केशवनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग दादाजींच्या फोटोकडे. गोपिका न हसता म्हणाली, "ग्राहक खाली अन् मी वर?"

माझेच शब्द. तेवढ्यात रंभाबाई म्हणाल्या, "मलेबी एक द्या गा बाबा! सकाळपासून पाय अवघडून बसली हाय मी. आता मांगावं कसं, म्हणून चूप होती."

मग भिंतीकडे तोंड केलेली ती आत्याही वळली. तिलाही पाहिजे होती. ती रुसलेली नव्हतीच, तिची कंबर भरून आली होती! केशव शेजारच्या दुकानातून खुर्च्या आणायला पळाला. दादाजींच्या पांढऱ्या चादरीवर तीन खुर्च्या लागल्या. मी खाली, पाय लांब करून, हातात साड्या देतोय, आणि गोपिका वर बसून त्या बायकांच्या खांद्यांवर टाकतेय. पहिलाच शालू तिनं काजलच्या नाही, रंभाबाईंच्या खांद्यावर टाकला. "तुमच्या लग्नात कोणता रंग होता जी?" रंभाबाई लाजल्या. नात आजीकडे बघत राहिली आणि तोच शालू तिनं घेतला. बस्ता दिवे लागेपर्यंत चालला. जळफळाट गेला का म्हणाल, तर नाही गेला. दिवसभर खाली बसून मी तिच्याकडेच बघत होतो आणि जळतच होतो. पण खुर्ची मीच मागवली होती.

दुसऱ्या दिवशी हिमानी आली तेव्हा मी दोन टॉवेल गुंडाळून ठेवले होते. तिनं गोपिकाचे गुडघे तपासले आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी खिडकीबाहेर बघायला लागलो. डॉक्टरांनाही दाखवून आलो. हाडाची झीज, दोन्हीकडे. खाली बसणं बंद. तेलानं काही होणार नाही, मांडी मजबूत करा, रोज.

मग हिमानी पुन्हा आली आणि गोपिकानं टॉवेल गुडघ्याखाली घेतला, दाबला, धरून ठेवला. "वा काकू! पहिल्याच दिवशी!" हिमानी म्हणाली. मला ती पहिल्यांदा वा म्हणाली तेव्हा दिवाळी उलटून गेली होती. मी हे लक्षात ठेवलं आहे.

"थोडे दिवस घरी आराम केला तर बरंच आहे," जाताना ती गोपिकाला म्हणाली. "दुकान काय, काकाजी पाहतील."

लपवून काय करू, माझ्या काळजात आनंदाची उकळी फुटली. गादी माझी! लोड माझा, फोन माझे, वास माझा! मी कुर्ता घातला, चावी घेतली, डबा घेतला. दारापाशी चपला घालताना सहज मागे पाहिलं.

ती पलंगावर पडली होती, गुडघ्याखाली टॉवेल. माझ्या हातातल्या चावीकडे बघत होती. ती नजर मी ओळखली. ओळखणारच. किती दिवस मी तशाच नजरेनं तिच्या पिशवीकडे बघत त्याच जागी पडलो होतो. आज संध्याकाळी मी घरी येईन तेव्हा माझ्याआधी माझा वास येईल, आणि तो हिला येईल.

मी दारात उभा राहिलो. डबा या हातातून त्या हातात घेतला.

"चल," मी म्हणालो.

"कुठं? आराम सांगितला ना तिनं."

"खाली बसू नोको म्हणे. खुर्ची हाय ना तिथं. मी काही अजून उचलली नाही."

"अन् टॉवेल?"

"पिशवीत टाक. दोन टाक."

जिना आम्ही बाजूबाजूनं उतरलो, एकेक पायरी, कठडा धरून. खाली पोचल्यावर तिनं पदर नीट केला आणि म्हणाली, "लोक आधी मलेच विचारतीन. चालते का तुमाले?"

"नाही चालत," मी म्हणालो आणि ऑटोला हात केला.